आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाल्यावर : रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन होते. गाठ निघते, टाके निघतात, माणूस घरी येतो. त्यानंतर काही वर्षे त्याच्या सोबतीला राहते ती प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाइल. दर दोन-तीन महिन्यांनी तिच्यात रक्ताच्या तपासणीचा नवा कागद येतो. कागदावर एखादा आकडा ठळक छापलेला असतो, त्याच्यापुढे ‘हाय’ असे लिहिलेले असते, आणि घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पुन्हा आला की काय?

वालचंदनगर, जंक्शन, कळंब, लासुर्णे या पट्ट्यातल्या आपल्या घरांतला असा रुग्ण बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवतो, पुण्याला ससूनला जातो, कुणी बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात जातो, तर कुणी मुंबईला टाटाला. डॉक्टरांच्या खोलीबाहेर भली मोठी रांग असते. आत गेल्यावर दोन-चार मिनिटे मिळतात, आणि आकड्याचा अर्थ विचारायचा राहून जातो. मग अर्थ सांगायला गल्लीतली माणसे असतातच. एक म्हणतो, “चाकू लागला की कॅन्सर पसरतोच.” दुसरा म्हणतो, “नशिबात होतं, आता काय करायचं.” या दोन वाक्यांनी अर्ध्यावर किमो सोडायला लावलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. म्हणून या वेळी आरोग्य पानावर आम्ही त्या आकड्यांबद्दलच लिहीत आहोत.

दाह म्हणजे काय?

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. शरीराने तिथे आपले शिपाई पाठवलेले असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, मेलेला भाग साफ करतात, जखम भरून आणतात. याला दाह म्हणतात. दाह नसता तर साधी जखमही भरली नसती. म्हणजे दाह मुळात आपल्या बाजूचा आहे.

अडचण होते ती दाह महिनोन्‌महिने धुमसत राहिला तर. कॅन्सरच्या गाठीत पांढऱ्या पेशी दिसतात, हे रुडॉल्फ विरखॉव या जर्मन डॉक्टरने १८६३ साली नोंदवले होते. धुमसणाऱ्या दाहातून निघणारी रसायने गाठीला वाढायला मदत करतात, तिला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात, भूक मारतात आणि अंगावरचे मांस उतरवतात, हे आता कळलेले आहे. यातले इंटरल्युकिन-६ नावाचे एक रसायन रक्तातून यकृतात पोहोचते. यकृत त्याला उत्तर म्हणून एक प्रथिन तयार करून रक्तात सोडते. तेच सी.आर.पी.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस या दोघांनी १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम पाहिले. आज ही तपासणी बारामती-इंदापूरच्या लॅबमध्येही होते.

वालचंदनगरच्या कारखान्यात काम केलेल्याला बॉयलरवरचा प्रेशरचा काटा माहीत असतो. काटा वर गेला म्हणून बॉयलर फुटला असे कुणी म्हणत नाही, आणि काट्याकडे पाठ फिरवून कुणी जेवायलाही जात नाही. कारण शोधतात. सी.आर.पी. हा तसाच काटा आहे. शरीरात कुठेतरी दाह आहे एवढेच तो सांगतो. तो कशाने आहे, हे सांगत नाही. सर्दी-ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, किडलेली दाढ, पायाची जखम, सांध्यांचा आजार यांपैकी कशानेही सी.आर.पी. वाढतो.

ऑपरेशननंतरचे पहिले आठ दिवस

पोट उघडले की सी.आर.पी. वाढणारच. ऑपरेशननंतर काही तासांत तो चढू लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जातो आणि मग रोज उतरत जातो. या दिवसांत १०० किंवा त्याहून वरचा आकडा दिसला तरी घाबरण्याचे कारण नाही. डॉक्टर पाहतात ते तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर तो उतरतो की नाही. त्या वेळीही तो १५० च्या आसपास किंवा वर अडून राहिला, तर आतड्याचे जोडलेले टोक गळत नाही ना, पोटात पू झालेला नाही ना, हे ते तपासतात. आकडा नीट उतरत असेल तर अशी गळती असण्याची शक्यता बरीच कमी असते. म्हणूनच रोज रक्त काढतात. “कशाला उगाच रोज रक्त काढतात?” म्हणून नर्सशी भांडू नये.

हे जाणून घेण्याचे आणखी एक कारण आहे. हल्ली रुग्णाला लवकर घरी सोडतात, आणि गळती कधीकधी घरी आल्यानंतर, आठव्या-दहाव्या दिवशी उघडकीस येते. पुण्याहून इकडे यायला तीन-चार तास लागतात, परत जायलाही तेवढेच. त्यामुळे पुढील लक्षणांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये : थंडी वाजून ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगून घट्ट होणे, वारा न सरणे, सारख्या उलट्या, जखमेतून पू किंवा घाण येणे, छातीत धडधड, दम लागणे, एका पायाची पोटरी सुजणे. गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून रात्र काढण्यात वेळ दवडू नये. ऑपरेशन जिथे झाले तिथे फोन करावा, आणि फार लांब असेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात लगेच न्यावे.

घरी आल्यानंतरचे तीन आकडे

ऑपरेशनला महिना-दीड महिना झाला, जखम भरली, ताप नाही. आता सी.आर.पी. खाली बसलेला असायला हवा. या काळानंतरचे आकडे पुढच्या वाटचालीबद्दल थोडे काही सांगतात. आपल्या साध्या रिपोर्टमध्ये ते तीन ठिकाणी सापडतात.

पहिला, सी.आर.पी. लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत असावा. इथे एक गोष्ट नीट पाहावी. काही लॅब लिटरमागे आकडा देतात, काही डेसिलिटरमागे. डेसिलिटरमागे २.४ म्हणजे लिटरमागे २४. एका लॅबचा २४ आणि दुसरीचा २.४ पाहून “दहापट उतरला” म्हणून आनंद करू नये. शक्यतो प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये तपासावे.

दुसरा, अल्ब्युमिन. हेही यकृतातच तयार होणारे प्रथिन. डेसिलिटरमागे ३.५ ग्रॅमच्या वर असलेले बरे. दाह चालू असताना यकृत सी.आर.पी. जास्त बनवते आणि अल्ब्युमिन कमी, जसे कारखान्यात एका मालाची मोठी ऑर्डर आली की दुसऱ्या मालाची लाइन मंदावते. त्यात रुग्णाचे खाणे कमी झाले असेल तर अल्ब्युमिन आणखी घसरते.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या डॉक्टरांनी या दोन आकड्यांवरून एक सोपा हिशेब बसवला. सी.आर.पी. १० किंवा कमी असेल तर गुण शून्य. १० च्या वर असेल पण अल्ब्युमिन ३.५ किंवा जास्त असेल तर गुण एक. सी.आर.पी. १० च्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ पेक्षा कमी असेल तर गुण दोन. या परीक्षेत शून्य गुण सर्वांत चांगले. अनेक देशांत झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की कॅन्सरचा टप्पा एकच असला तरी दोन गुणांच्या रुग्णांची वाटचाल शून्य गुणांच्या रुग्णांपेक्षा सरासरीने अवघड जाते.

तिसरा आकडा सी.बी.सी.च्या कागदातून घरीच काढता येतो. त्यात न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींची टक्केवारी असते. पहिलीला दुसरीने भागायचे. न्यूट्रोफिल ६० आणि लिम्फोसाइट ३० असतील तर उत्तर २. न्यूट्रोफिल ७५ आणि लिम्फोसाइट १५ असतील तर उत्तर ५. हे उत्तर सतत ५ च्या आसपास किंवा वर राहिले तर डॉक्टर अधिक बारकाईने पाहतात. मात्र किमो चालू असताना पेशी खालीवर होतात आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही हा आकडा बदलतो, त्यामुळे त्या काळात घरचा हिशेब करून काळजी वाढवू नये.

हा आकडा म्हणजे निकाल आहे का?

नाही. आणि हीच गोष्ट आम्हाला सर्वांत आधी पोहोचवायची आहे.

ऑपरेशननंतर पुढे काय होईल हे सर्वांत जास्त ठरते ते कॅन्सर कोणत्या टप्प्यावर सापडला यावर. आतड्याच्या भिंतीत तो किती खोल गेला होता, आसपासच्या लसिकाग्रंथींत पोहोचला होता का, यकृतात-फुप्फुसात गेला होता का, गाठ पूर्ण निघाली का, आणि ठरलेले उपचार पूर्ण झाले का, यावर. यातली आतड्याच्या भिंतीची आणि ग्रंथींची माहिती बायोप्सीनंतरच्या, काढलेल्या आतड्याच्या मोठ्या रिपोर्टमध्ये असते. तो फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद आहे. त्यात निदान १२ ग्रंथी तपासल्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारावे. दाहाचे आकडे यानंतर येतात. ते चित्रात भर घालतात, चित्र काढत नाहीत.

शिवाय अशा अभ्यासांतून कळते ते शंभर जणांच्या गटाबद्दल. आपल्या घरातला माणूस त्या शंभरातला कोणता, हे आकडा सांगू शकत नाही. आणि प्रत्येक दाह वाईटच, असेही नाही. गाठीच्या आत लिम्फोसाइट पेशी दाटीने शिरलेल्या दिसल्या, तर ते चांगले लक्षण समजतात, कारण शरीर तिथे जाऊन लढत असते.

फाइलमध्ये सी.ई.ए. नावाची आणखी एक तपासणी असते. ती दाहाची नाही. आतड्याच्या कॅन्सरवर लक्ष ठेवण्यासाठी ती वापरतात. माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी १९६५ साली हा पदार्थ शोधला. ऑपरेशनपूर्वी वाढलेला सी.ई.ए. नंतरच्या महिना-दीड महिन्यात उतरायला हवा. पुढची दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि मग पाच वर्षांपर्यंत ती करतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आकडा मुळातच थोडा जास्त असू शकतो. एकदा वाढलेला दिसला म्हणजे कॅन्सर परतला असे नव्हे. पुन्हा तपासतात, आणि चढतच असेल तर सी.टी. स्कॅन करतात. आजार परतलाच तर बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत परततो, आणि वेळेत दिसला तर यकृतातला एखादा डागही काढता येतो. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तारीख चुकवू नये.

नशीब नको, कारण शोधा

आजाराला मागच्या जन्मीचे कर्म कारण आहे, हे म्हणणे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये खोडून काढले आहे. धम्म कारण शोधायला सांगतो. कारण दूर केले तर परिणामही दूर होतो. रक्ताच्या रिपोर्टला हीच दृष्टी लावावी. सी.आर.पी. वाढला आहे ना? मग अंगारा-धुपारा नको, प्रश्न विचारायचे. ताप आहे का? लघवीला जळजळ आहे का? जखम ओली आहे का? हिरड्यांतून पू येतो का? साखर वाढली आहे का? यातले कारण सापडले, उपचार झाले, आणि दोन-तीन आठवड्यांनी आकडा उतरला, तर तो विषय तिथेच संपला. काहीच सापडले नाही आणि आकडा चढत राहिला, तर डॉक्टरांना पुढच्या तपासण्या करायला ठोस कारण मिळाले.

आपल्या हातातल्या गोष्टीही कमी नाहीत.

खाणे. आजारी माणसाला पेज, साबुदाणा आणि चहा-बिस्किटावर ठेवायची आपल्याकडे रीत आहे. त्याने अंगावरचे मांस झडते. मोठ्या ऑपरेशनमधून उठलेल्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत ७ आणि १०० ग्रॅम मासळीत किंवा चिकनमध्ये २० च्या आसपास. उजनीची मासळी भिगवण-इंदापूरच्या बाजारात मिळते. ती कमी तेलात, बिनतिखट शिजवून द्यावी. पहिले काही आठवडे चोथ्याचे पदार्थ डॉक्टरांना विचारूनच सुरू करावेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाणही विचारून घ्यावे.

चालणे. २०२५ साली एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ऑपरेशन आणि किमो पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शकासह नियमित व्यायाम करायला लावला आणि उरलेल्यांना आरोग्याची माहितीपुस्तिका दिली. पाच वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांत शंभरातले ८० जण आजार न परतता होते, दुसऱ्या गटात ७४. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपाझप चालले की साधारण तेवढा व्यायाम होतो. सुरुवात अंगणातल्या दहा मिनिटांनी करावी, डॉक्टरांची परवानगी घेऊन. याला पैसा लागत नाही.

व्यसन. विडी, तंबाखू, गुटखा हे तर आहेच, पण आपल्या आया-बहिणी दाताला मिश्री लावतात तीही तंबाखूच. धूम्रपानाने जोडलेले आतडे भरून यायला अडचण येते. दारू हे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे सिद्ध झालेले कारण आहे. पंचशीलातले पाचवे शील आणि दीक्षाभूमीवरची प्रतिज्ञा इथे औषधाच्या जागी आहेत.

एक सावधगिरी. आकडा उतरावा म्हणून मनाने गोळ्या घेऊ नयेत. सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड असले तर सी.आर.पी. खाली दिसतो आणि आतला जंतुसंसर्ग झाकला जातो. अ‍ॅस्पिरिनबद्दल सध्या बरेच बोलले जाते. गाठीत विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या रुग्णांमध्ये कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनने आजार परतण्याचे प्रमाण घटले, असे २०२५ च्या एका अभ्यासात दिसले आहे. पण ते त्या रुग्णांपुरते. बाकीच्यांना पोटात रक्तस्रावाचा धोका तेवढा पदरी पडतो. हळद जेवणात असू द्या, किमोच्या जागी नको. आणि किमो चालू असताना १००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप गेला, तर पॅरासिटामॉल देऊन थांबू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.

पिशवी आणि शेजार

काहींना ऑपरेशननंतर पोटावर शौचाची पिशवी लावावी लागते, कधी काही महिन्यांसाठी, कधी कायमची. मग घरात कुणी वेगळे ताट ठेवते, कुणी वेगळी चटई. वेगळे ताट म्हणजे काय, हे आपल्या आजा-पणजांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले. ते आपल्याच घरात आपल्याच माणसासमोर मांडू नये. ही पिशवी कुणाला लागण करत नाही. विनयपिटकात पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मळात पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि मग आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा, असे संघाला समजावले. एकटा पडलेला रुग्ण कमी खातो, कमी चालतो, तारखा चुकवतो. त्याची नोंद अखेर रक्ताच्या रिपोर्टमध्येही होते.

घरातल्या इतरांनी

टाटा रुग्णालयातल्या ८०० नव्या रुग्णांची एक पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते, आणि निम्म्याहून अधिक जणांची तक्रार शौचावाटे रक्त जाण्याची होती. म्हणजे हा म्हातारपणाचाच आजार नाही. रक्त गेले की मूळव्याध म्हणून महिनोन्‌महिने जडीबुटी घेत बसू नये. डॉक्टरांकडून बोटाने तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी आपली दुर्बीण तपासणी कोणत्या वयात करायची, हे रुग्णाच्याच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, किमो आणि रेडिएशन बसते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, आणि रेशनकार्ड कोणत्या रंगाचे आहे याची आता अट नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटावे. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. त्यामुळे सी.बी.सी.सारख्या साध्या तपासण्या इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात होतात का, हे विचारून घ्यावे. एसटी आणि रेल्वेत कॅन्सर रुग्णांना भाड्यात सवलत आहे. त्यासाठीचा दाखला रुग्णालयातून मागून घ्यावा.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्यायचे प्रश्न

१. माझा कॅन्सर कोणत्या टप्प्यावर होता? किती ग्रंथी तपासल्या, कितींमध्ये आजार होता?
२. माझा सी.आर.पी. आणि अल्ब्युमिन मागच्या वेळेपेक्षा चढला की उतरला?
३. चढला असेल तर दुसरे काही कारण आहे का? पुन्हा कधी तपासायचे?
४. सी.ई.ए., सी.टी. स्कॅन आणि दुर्बिणीची पुढची तारीख कोणती?
५. मी काय खावे आणि किती चालावे?

एका वहीत तारीख, सी.आर.पी., अल्ब्युमिन आणि सी.ई.ए. अशा चार रकान्यांत आकडे लिहीत जावे. सुटा आकडा घाबरवतो. ओळीने लिहिलेले आकडे दिशा दाखवतात, आणि डॉक्टरांनाही दोन मिनिटांत सगळे समजते. आपल्या वस्तीत नर्सिंग, फार्मसी, लॅबचे शिक्षण घेतलेली मुले-मुली आता आहेत. रविवारी विहारात वंदना झाली की त्यांनी अर्धा तास बसावे आणि ज्याची फाइल असेल त्याला ही वही भरून द्यावी. डॉक्टरांचे काम त्यांनी करायचे नाही. फक्त कागद वाचून दाखवायचा आणि पुढची तारीख आठवणीत ठेवायची.

जय भीम, नमो बुद्धाय.